नोंदीबाहेर

बसमध्ये माझ्या मागच्या बाकावर दोन बायका भांडत होत्या आणि माझा उजवा हात गप्प होता. एवढंच झालं. कुणाच्या लक्षात येण्यासारखं काही नव्हतं. भांडण मात्र झकास होतं. एकीनं दुसरीची इस्त्री नेलेली, परत दिली ती तळाला चिकटलेल्या काळ्या डागासकट, आणि आता डाग कुणाच्या कपड्यामुळे पडला यावर दोघींच्या बहिणी, नणंदा, मयत सासवा सगळ्या साक्षीला ओढून झाल्या होत्या. असं काही कानावर पडलं की माझ्या उजव्या हाताची तर्जनी आपोआप चालू होते. मी जवळजवळ चाळीस वर्षं कोर्टात लघुलेखिका होते, स्टेनो. कुणी तोंड उघडलं की बोट मांडीवर, पिशवीवर, बसच्या दांडीवर, सापडेल तिथे रेघा ओढायला लागतं, बारीक रेघ, जाड रेघ, ठिपका, आकडी. निवृत्तीनंतर तरी थांबेल म्हटलं होतं, ते काही झालं नाही. रेडिओवरच्या बातम्या मी स्वयंपाकघराच्या ओट्यावर उतरवून घेत असे. नवरा होता तेव्हा सकाळी उठून म्हणायचा, 'काल रात्री माझ्या पाठीवर अख्खा खटला चालला, निकाल काय लागला तेवढं सांग.' तो गेला त्या दिवशीही डॉक्टर दाराशी हलक्या आवाजात बोलत होते आणि त्यांचं बोलणं मी त्याच्या चादरीवर लिहीत होते. मला त्याची लाज वाटली नाही. काही लोक अशा वेळी नखं खातात. तर त्या दिवशी बसमध्ये दोन थांबे गेल्यावर माझ्या लक्षात आलं की भांडण ऐकू येतंय, समजतंय, हसूही येतंय, आणि हात मांडीवर नुसता पडलेला आहे, दुसऱ्या कुणाचा असावा तसा. मी तो उचलून पाहिला. बोट वाकत होतं. उतरायची वेळ झाल्यावर त्याच बोटानं मी घंटीचं बटण दाबलं आणि ती वाजली. मनात पाल चुकचुकली ती तेव्हा. पण हे सांगणार कुणाला? मुलाला सांगितलं असतं तर त्यानं हाडांच्या डॉक्टरकडे नेलं असतं.

मुलानं नेलंच, पण मेंदूच्या डॉक्टरकडे, आणि त्याची स्वतःची कारणं घेऊन. मी म्हणे एकाच फोनवर त्याला जेवलास का हे तीनदा विचारलं. मग तू तीनदा उत्तर का दिलंस, दुसऱ्यांदाच 'सांगून झालं' असं का म्हणाला नाहीस, असं मी विचारलं तेव्हा तो गप्प बसला, आणि गप्प बसला म्हणजे त्यानं ठरवलेलं असतं हे मला तो चालायला लागल्यापासून माहीत आहे. तो दुसऱ्या शहरात राहतो. तिथून आला, दोन रात्री माझ्या घरी झोपला, माझे कपाटाचे खण उघडून पाहिले आणि मला घेऊन गेला. डॉक्टर तसा बरा माणूस. माझ्या मुलाहून थोडा मोठा, बाही कोपरापर्यंत दुमडलेली, बोलताना टेबलावरची पेनं एका रांगेत लावणारा. त्यानं मला पाच शब्द सांगितले आणि लक्षात ठेवा म्हणाला, मग घड्याळ काढायला लावलं, उलटे आकडे म्हणून घेतले आणि मध्येच म्हणाला, आता ते पाच शब्द सांगा. माझ्याकडे एकच होता. बाकीचे चार गेलेले. मुलाचा चेहरा पडला. मी मात्र चिडले, कारण माझ्या मते यात बिघडलेलं काही नव्हतं. आमच्या धंद्यात ऐकलेला शब्द डोक्यात थांबू द्यायचा नसतो. थांबला तर पुढचा चुकतो. कानातून आत घ्यायचा आणि हातातून बाहेर काढायचा, मध्ये मुक्काम नाही. नव्या मुली शब्दाचा अर्थ लावत बसत आणि साक्षीदार दोन वाक्यं पुढे निघून जाई. तुम्ही मला हातात पेन्सिल द्यायला हवी होती, मी डॉक्टरला म्हणाले, पाच काय, तुमचं अख्खं भाषण परत वाचून दाखवलं असतं. तो हसला, पण चेष्टेनं नाही. म्हणाला, 'हे शक्य आहे हं. म्हणून तर नुसत्या चाचणीवर मी काही म्हणत नाही.' त्याआधी एक एमआरआय झाला होता, त्यात मेंदू थोडा आक्रसलेला दिसत होता, पण माझ्या वयाला तो बऱ्याच जणांचा तसा दिसतो म्हणे. म्हणून आता दुसरा स्कॅन, साखरेचा. रक्तात किरणोत्सारी साखर सोडायची आणि मेंदूचा कुठला भाग ती खातो, कुठला उपाशी राहतो ते पाहायचं. हे सगळं त्यानं नीट समजावून सांगितलं. फक्त सांगितलं माझ्या मुलाला. मी दोघांच्या मध्ये बसले होते आणि त्यांचं बोलणं माझ्या डोक्यावरून चाललं होतं. बाहेर व्हरांड्यात तर त्यांनी ठरवूनच टाकलं. चित्र वाईट आलं तर आईंना एकटं ठेवायचं नाही. म्हणजे मी माझ्या दोन खोल्यांना कुलूप लावायचं आणि मुलाच्या घरी जाऊन राहायचं. त्यानं तिकडे खोली रंगवून घेतली आहे. रंग फिका गुलाबी. मला विचारलं असतं तर मी हात जोडून नको म्हटलं असतं.

स्कॅनच्या दिवशी उपाशी बोलावलं होतं. माणसाला सकाळपासून उपाशी ठेवायचं आणि मग साखर टोचायची, यातला विनोद तिथल्या कुणालाच कळलेला दिसला नाही. तंत्रज्ञ बाई सर्दीनं बेजार होती, नाक पुशीत तिनं माझ्या हातात सुई बसवली, औषध सोडलं, एका लहानशा खोलीत खुर्चीवर आडवं केलं, अंगावर पांघरूण घातलं आणि दिवा मंद केला. म्हणाली, 'आता इथे शांत पडून राहायचं. बोलायचं नाही, वाचायचं नाही, मोबाईल नाही. हातपाय हलवायचे नाहीत. साखर मेंदूत जाऊन बसेपर्यंत.' मी विचारलं, विचार केला तर चालेल का? तिनं रुमालाआडून माझ्याकडे पाहिलं. 'फार करू नका, आजी.' मी तुमची आजी नाही, असं मी म्हणेपर्यंत जड दार लागलं होतं. खोलीत काहीच नव्हतं. एक खुर्ची, एक कोपऱ्यातला कॅमेरा, भिंतीवर पिवळ्या त्रिकोणात धोक्याची खूण, आणि तो धोका म्हणजे मी, कारण किरण आता माझ्यातून बाहेर पडत होते. आयुष्यात पहिल्यांदा माझ्यापासून कुणाला तरी जपून राहावं लागत होतं. मला ते आवडलं.

फार विचार करू नका म्हटल्यावर काय होणार? मी ठरवलंच, करायचा. साखर कुठे खर्च होते ते त्यांना पाहायचंय ना, मग करू दे खर्च, उधळून टाकू. डोक्यात सगळे दिवे लावून ठेवू आणि त्या डॉक्टरला त्याच्या पडद्यावर नाकावर टिच्चून दाखवू. ते पाच शब्द मी पहिल्यांदा घेतले. दोरी, अंगठी, नदी, पिवळा. मुलानं गाडीत सांगितल्यापासून मी ते रोज म्हणते. पाचवा मुलाला विचारा. मग मी कोर्टाची खोली उभी केली, आणि ती मात्र न बोलावता धावत आली. उंच छत, वर्षभर न पुसलेले पंखे, वकिलांच्या डगल्यांचा घाम आणि जुन्या कागदांचा आंबूस वास, आणि न्यायाधीशांच्या चौथऱ्याखाली, दोन पायऱ्या खाली, माझं लहान टेबल. आम्ही एका न्यायाधीशांना घशातले साहेब म्हणायचो. त्यांचा निम्मा निकाल घशातच राही आणि तो मी त्यांच्या मिशीच्या हालचालीवरून उतरवून घेई. एकदा त्यांनी खाली वाकून विचारलं, मी काय म्हणालो? मी वाचून दाखवलं. तेच म्हणायचं होतं मला, असं म्हणाले. बाकी माझ्याकडे कुणी पाहत नसे. खुनी माणूस पाहत नसे, त्याचा वकील पाहत नसे. माझ्या टेबलावर कोपर टेकून ते एकमेकांशी अशा गोष्टी बोलत ज्या सख्ख्या भावालाही कुणी सांगणार नाही, आणि मी तिथे दौतीसारखी. मला त्याचं दुःख नव्हतं. उलट मजा वाटे. सगळं माझ्या हातातून जातं आणि यांना पत्ता नाही.

तेवढ्यात तो म्हातारा आला. म्हणजे आठवला. त्याला मी कित्येक वर्षं आठवलं नव्हतं. त्याच्या मुलांनी अर्ज केला होता की वडिलांचं डोकं चालत नाही, त्यांचे व्यवहार आमच्या हाती द्या. तेव्हा असले स्कॅन नव्हते. दोन डॉक्टरांनी साक्ष दिली, शेजाऱ्यानं दिली, दुधवाल्यानं दिली. म्हातारा सगळा वेळ पहिल्या बाकावर बसून टोपी एका गुडघ्यावरून दुसऱ्या गुडघ्यावर ठेवत होता. तीन तारखा त्याच्याबद्दल चालल्या. तिसऱ्या तारखेला, दुधवाल्याची उलटतपासणी चालू असताना, तो एकदम मोठ्यानं म्हणाला, 'अहो, ती खिडकी लावा कुणीतरी, बाईंचे कागद उडताहेत.' कागद माझे उडत होते. शिपायानं खिडकी लावली. मी सवयीनं ते वाक्य उतरवून घेतलं, आणि संध्याकाळी टंकलेल्या प्रतीवरून साहेबांनी ते लाल पेन्सिलीनं खोडलं, कारण त्याचा प्रकरणाशी संबंध नव्हता. त्या सगळ्या कागदांत म्हाताऱ्याचं तेवढं एकच वाक्य होतं. मुलांनी मांडलेलं बहुतेक खरं असावं. तो घर विसरायचा, पैसे वाटत सुटायचा, हे दुधवाला काही खोटं सांगत नव्हता. राग मला त्याचा नाही, तेव्हाही नव्हता. पण त्या अंधाऱ्या खोलीत पांघरुणाखाली माझं डोकं तापलं. त्याला विचारायला काय जात होतं? बरळला असता तर बरळला असता. मी ते बरळणंही जसंच्या तसं घेतलं असतं, माझं काम तेच होतं.

मग मी हात चालू केला. मनाई होती तरी. कोर्टाची साक्ष ज्या ठरलेल्या वाक्यानं सुरू होते ते मी रोज, एकेका दिवशी दहा-दहा वेळा लिहिलेलं. ते माझं बोट झोपेतही लिहिणार. मी पांघरुणाखाली मांडीवर नख टेकलं आणि सुरुवात केली. पहिले दोन शब्द आले. पण आले ते सांगितल्यामुळे आले, पाहुण्यांपुढे नाव सांगायला लावलेल्या पोरासारखे. तिसरा शब्द होता साक्षीदार. साक्षीदार. मला शब्द माहीत होता, अर्थ माहीत होता, माझ्या डोळ्यांसमोर पिंजऱ्यात उभा असलेला माणूस होता, आणि त्याची खूण कशी काढायची ते आलं नाही. बोट उभंच्या उभं राहिलं. मी पुन्हा पहिल्यापासून घेतलं, वेगात, अडखळायला वेळच राहू नये म्हणून. पुन्हा तिथेच. जाड रेघ होती की बारीक? वरून खाली की आडवी? काहीच नाही, तिथे खाचही नाही. मी घाबरले, सरळ सांगायचं तर फार घाबरले. डॉक्टरला दिलेलं माझं सगळं स्पष्टीकरण, कान आणि हात आणि मध्ये मुक्काम नाही, ते इतकं सुबक होतं की माझाही त्यावर विश्वास बसला होता. आता हातच रिकामा निघाला. भिंतीतून कुठूनतरी सर्दीचा आवाज आला, 'आजी, हात हलवू नका, चित्र बिघडेल.' मी हात पोटावर ठेवला आणि छताकडे पाहून तिला ऐकू येईल अशा आवाजात म्हणाले, बिघडू दे. पण हलवला नाही. नंतर यंत्राच्या कड्यात डोकं घालून पडले तेव्हाही नाही. चित्र जे यायचं ते खरं यावं असं मला एकाएकी वाटायला लागलं होतं, आणि असं वाटल्याचा रागही येत होता.

पुढच्या आठवड्यात आम्ही पुन्हा डॉक्टरांच्या खोलीत. टेबलाच्या एका बाजूला तो, दुसऱ्या बाजूला मी आणि मुलगा, पडदा मुलाकडे वळवलेला. मला पडद्याची कड दिसत होती आणि मान वाकडी केली की माझा मेंदू, रंगीत, लाल-पिवळा, मागच्या बाजूला हिरवट. दिसायला सुंदर होता. डॉक्टर पेन फिरवीत मुलाला सांगत होता, 'इथे आणि इथे, दोन्हीकडे, साखर जरा कमी घेतली जातेय. हा आकार आम्ही विसरण्याच्या त्या आजारात पाहतो. पण कमी म्हणजे काठावरची कमी. नुसत्या या चित्रावरून मी ठामपणे नाव देणार नाही. चित्र मदत करतं, निदान शेवटी माणसावरून करायचं असतं. घरी तुम्हाला काय जाणवलंय? फोनवरचं सोडून?' मुलगा विचारात पडला. त्याचे कान लाल झाले होते, लहानपणी व्हायचे तसे. म्हणाला, 'तसं बाकी काही नाही. घर व्यवस्थित आहे तिचं. माझ्याहून व्यवस्थित. भांडते तर पहिल्यासारखीच.' त्याला ते वाईट नाव नको होतं हे मला त्याच्या आवाजावरून कळलं. गुलाबी खोली रंगवली खरी, पण ती रिकामी राहावी अशीच त्याची इच्छा होती. माझ्या पोरावर मी उगीच दात धरून बसले होते. डॉक्टरनं पेनं रांगेत लावली. 'मग घाई नको करूया. सहा महिने थांबू, स्कॅन पुन्हा करू. तोवर आई आहेत तिथे राहू देत.'

म्हणजे मी जिंकले होते. काही न बोलता, हातावर हात ठेवून. उठायचं, पिशवी घ्यायची, घरी जायचं, दार आतून लावून घ्यायचं. सहा महिने मला कुणी हात लावणार नव्हतं. मुलानं माझी पिशवी उचललीसुद्धा. आणि मला इतका संताप आला की क्षणभर दोघे मला दिसेनासे झाले. यांनी सगळ्यांना विचारलं होतं. यंत्राला विचारलं, साखरेला विचारलं, तीनशे मैलांवर राहणाऱ्या मुलाला विचारलं. ज्या डोक्याबद्दल हे चाललं होतं ते टेबलापाशी बसलेलं होतं, त्याला कुणी विचारलं नव्हतं. मूग गिळून बसले तर घर माझं राहणार होतं, हे मला पक्कं कळत होतं. तोंड उघडलं तर कदाचित जाणार होतं, हेही कळत होतं.

'मला विचारा,' मी म्हणाले.

'हो, हो, बोला ना आजी,' डॉक्टर म्हणाला.

'आजी नाही. विचारा. नेहमीपेक्षा वेगळं काय जाणवलं ते.'

डॉक्टरनं मुलाकडे पाहिलं, मग माझ्याकडे. आणि विचारलं. जसंच्या तसं, मी सांगितलेल्या शब्दांत. मी सगळं सांगितलं. बसमधल्या बायका, इस्त्री, मांडीवर पडून राहिलेला हात. त्यानंतर घरी रेडिओ लावून किती वेळा वाट पाहिली ते. पांघरुणाखाली काय केलं ते. साक्षीदार हा शब्द चाळीस वर्षं लिहिला आणि आता त्याची खूण येत नाही, बारीक की जाड तेही येत नाही, काल आली नाही, आज सकाळी आली नाही. मी सावकाश बोलले, कारण तो लिहून घेत होता आणि त्याचा वेग बेताचाच होता. मध्ये एकदा मुलगा 'आई' म्हणाला. मी त्याला हातानं थांबवलं. बोलून झाल्यावर डॉक्टरनं चित्राकडे पुन्हा पाहिलं, बराच वेळ, मग खुर्चीत मागे टेकला आणि माझ्या मुलाला म्हणाला, 'हे महत्त्वाचं आहे. हे आणि चित्र एकत्र धरलं तर मला वाटतं की यांच्या बाबतीत सुरुवात...'

'तिकडे नाही,' मी म्हणाले. 'इकडे.'

तो थांबला. गोरामोरा झाला. मग त्यानं पडदा धरून माझ्याकडे वळवला, त्याची तार अडकली, ती सोडवली, आणि माझ्या डोळ्यांत पाहून म्हणाला, 'तुम्हाला हा आजार सुरू झालाय असं मला वाटतं. अगदी सुरुवात आहे. औषधानं थोडा वेग कमी करता येईल. थांबवता येणार नाही.' हे वाक्य उच्चारणं त्याला जिवावर आलं होतं. मला उलट हलकं वाटलं, खोटं सांगत नाही. रडूही आलं. दोन्ही एकदम झालं.

मुलगा पिशवी मांडीवर घेऊन बसला होता. 'कशाला बोललीस?' तो म्हणाला. 'सहा महिने मिळत होते तुला.'

'ते मला हवेतच. पण कळून सवरून हवेत. आंधळ्यासारखे नकोत.'

'आता मी तुला तिकडे कशी एकटी ठेवू, सांग?'

'तू ठेवायला मी ट्रंक आहे का? मी राहीन. माझ्या घरात. ज्या दिवशी जमणार नाही असं वाटेल त्या दिवशी मीच तुला फोन करीन आणि म्हणेन, ये, मला घेऊन जा. आणि तो रंग बदलून घे.' मुलाला हसू आलं आणि त्यानं ते तळहातानं पुसलं. डॉक्टर काहीतरी बोलायला पुढे झाला होता, पण मी माझं पुरं करून घेतलं, कारण तेवढा एकच भाग असा होता की तो आजच, माझी जीभ माझी असताना, सांगून ठेवायला हवा होता. 'आणि सांगायची वेळ माझ्या हातून निसटली, माझ्या लक्षातच आलं नाही, तर तू सांग. डॉक्टरांना नाही. बायकोला नाही. व्हरांड्यात नाही. मला सांग, माझ्याकडे तोंड करून. मला कळणार नाही असं वाटलं तरी सांग. मी भलतंच काहीतरी उत्तर देईन. ते ऐकून घे.'

तो उठला. पिशवी खाली ठेवली. त्याची खुर्ची जड होती, ओढताना फरशीवर कर्कश वाजली. ती त्यानं पूर्ण फिरवून माझ्यासमोर आणली आणि त्यात बसला, माझ्या गुडघ्यांना त्याचे गुडघे लागतील इतका जवळ.

'आई, तुला भीती वाटतेय?'

'वाटतेय,' मी म्हणाले. 'पुढचं विचार.'